नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही

दुपारची झाकपाक आवरून जरा पाठ टेकावी म्हटलं, तर दारात कोर्टाचा बेलीफ. हातात समन्स आणि सोबत दाव्याची नक्कल, चांगली पंधरा-वीस पानांची. ‘इथे सही करा बाई.’ शेजारची दारातूनच खुणावते, घेऊ नकोस, परत पाठव. घरातले पुरुष कामावर. आणि नक्कल उघडून पाहावी तर वादी म्हणून सख्ख्या भावाचं नाव आणि प्रतिवादी म्हणून आपलं!

मैत्रिणींनो, समन्स घ्यायचं. नाकारलं तर ते दाराला चिकटवतात आणि तुम्हाला बजावणी झाली असंच धरलं जातं. शिवाय नक्कलच हातात आली नाही, तर समोरच्याने आपल्याविरुद्ध काय लिहिलंय ते कळायचं कसं?

पण आज मला समन्सविषयी फार लिहायचं नाही. ते घेतल्यावर आपण कोर्टाला जे उत्तर देतो, त्या उत्तरात एक गोष्ट बायकांकडून हमखास राहून जाते. तिच्याविषयी लिहायचंय.

आमच्या महिला मंडळाचं तालुक्याच्या गावी एक लहानसं सल्ला केंद्र आहे. दर बुधवारी दुपारी मी तिथे बसते. मी वकील नाही. कॉलेजात मराठी आणि इतिहास शिकले, कायद्याचं पुस्तक लग्नानंतर हातात घेतलं. पण बायकांचं ऐकून, त्यांचे कागद वाचून आणि आमच्या वकीलताईंना प्रश्न विचारून विचारून काही गोष्टी पक्क्या कळल्या आहेत.

तिथेच एक ताई आल्या होत्या. माहेरची साडेसहा एकर जमीन. वडील गेल्यावर भावाने दावा लावला, की ही जमीन माझ्या वहिवाटीत आहे, बहीण आणि तिचा नवरा येऊन अडथळा करतात, त्यांना कायमची मनाई करावी. ताईंनी वकील दिला. वकिलांनी उत्तर लिहिलं, की आम्ही अडथळा केला नाही, दावा खोटा आहे, फेटाळावा. सहा वर्षं तारखा झाल्या. भावाला अडथळा काही सिद्ध करता आला नाही आणि दावा फेटाळला गेला. ताईंनी पेढे वाटले. मग वकिलांना विचारलं, ‘आता माझा हिस्सा कधी मिळणार?’ वकील म्हणाले, ‘हिस्सा? त्यासाठी वेगळा दावा लावावा लागेल.’

सहा वर्षं, दर तारखेला एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, वकिलांची फी. आणि हातात एका ओळीचा हुकूम, ‘दावा फेटाळण्यात येतो.’

यात कोर्टाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. दिवाणी कोर्ट मागेल त्यालाच देतं, आणि जेवढं मागितलं तेवढ्याचाच विचार करतं. भावाने मनाई मागितली, ती नाकारली. बहिणीने काही मागितलंच नव्हतं. तिने फक्त ‘नाही’ म्हटलं, आणि तिचं ‘नाही’ मान्य झालं. मला मात्र त्या दिवशी रात्रभर झोप लागली नाही. कारण तिला त्याच दाव्यात, त्याच कोर्टात, त्याच तारखांना आपला हिस्सा मागता येण्याची वाट होती. त्या वाटेचं नाव ‘प्रतिदावा’. काही जण उलट दावाही म्हणतात.

आपला दिवाणी प्रक्रिया संहितेचा कायदा आहे १९०८ सालचा. मुळात त्यात प्रतिवादीला मागण्यासाठी नियम होता तो फक्त वजावटीचा. १९७६ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून आठव्या आदेशात ‘नियम ६-अ’ आला. त्याचा साधा अर्थ असा : ज्याच्यावर दावा झालाय त्याला आपल्या उत्तरातच दावा लावणाऱ्याविरुद्ध स्वतःची मागणी मांडता येते. ही मागणी स्वतंत्र दाव्यासारखीच धरली जाते. त्यासाठी आपण वादी आणि मूळ वादी जणू प्रतिवादी. दोन्हींचा निकाल एकत्र लागतो.

आणि आपली मागणी समोरच्याच्या मागणीशी तंतोतंत जुळलेली असली पाहिजे असंही नाही. त्याचा दावा मनाईचा असला तरी आपला प्रतिदावा हिश्श्याचा असू शकतो. तो ‘अडथळा करू नको’ म्हणतो, आपण म्हणायचं, ‘अडथळ्याचं राहू दे, आधी माझी वाटणी दे.’

वजावट आणि प्रतिदावा यांत नेहमी घोळ होतो, म्हणून एक घरगुती उदाहरण देते. समजा तुम्ही शिवणकाम करता. एका दुकानदाराने शाळेच्या गणवेशांचं काम दिलं आणि ४० हजार रुपये उचल दिली. पुढे भांडण झालं आणि त्याने उचल परत मिळावी म्हणून दावा लावला. तुमची ठरलेल्या दराने शिवलेल्या कपड्यांची ३० हजार मजुरी त्याच्याकडे बाकी आहे. तुम्ही म्हणता, हे ३० हजार त्यातून वळते करा. ही वजावट. ती पैशाच्या दाव्यातच चालते आणि रक्कम ठरलेली, हिशेबाने निघणारी असावी लागते. पण त्याच दुकानदाराने जाताना तुमचं इंटरलॉक मशीन उचलून नेलं आणि दोन महिने तुमचं काम बंद पडलं, त्याची भरपाई हवी, मशीन परत हवं, तर ते वजावटीत बसत नाही. तिथे प्रतिदावा करायचा.

आता त्या ताईंसारख्या बहिणींकडे वळू, कारण आमच्या केंद्रात येणाऱ्या निम्म्या कागदांत भाऊ-बहीणच असतात.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क, ही दुरुस्ती केंद्राच्या कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झाली. त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत, यावर बरीच वर्षं वाद चालला. तो ११ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मिटवला : वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. ‘आमच्यात तोंडी वाटप कधीच झालंय’ हे भावांचं ठेवणीतलं उत्तर. कोर्टाने म्हटलं की नुसत्या तोंडी वाटपाच्या सांगण्यावर सहसा विसंबता येणार नाही, त्याला सरकारी दप्तरातल्या कागदांचा भक्कम आधार हवा. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल तर ते उकरता येत नाही. आणि वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी १९५६ च्या कायद्यापासूनच वारस आहे.

तर भावाने मनाईचा दावा लावला की बहिणीने उत्तरात दोन्ही लिहायचं. एक, त्याचं म्हणणं का खोटं आहे. दुसरं, वेगळ्या मथळ्याखाली प्रतिदावा : मिळकतीचं सरस-निरस वाटप करून माझा अमुक हिस्सा मला वेगळा ताब्यात द्यावा. शेतजमीन असेल तर कोर्ट हिस्से ठरवतं आणि प्रत्यक्ष सरकारी मोजणी करून तुकडे पाडण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तेव्हा त्यालाही वेळ लागतो. म्हणून तर आधीची सहा वर्षं फुकट जाऊ द्यायची नाहीत. (भावानेच वाटपाचा दावा लावला असेल तर गोष्ट थोडी सोपी असते. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार वादीच्या जागी समजला जातो, त्यामुळे आपला हिस्सा वेगळा मागून, त्यावरची कोर्ट फी भरून, तिथेच मिळवता येतो.)

पुष्कळदा नक्कल वाचताना एखादा कागद पहिल्यांदाच दिसतो. ‘बहिणीने तमुक साली हक्कसोडपत्र करून दिलं आहे.’ बाईला आठवतं, हो, वडिलांच्या तेराव्यानंतर तहसिलात नेलं होतं, वारसनोंद करायची म्हणून सह्या घेतल्या होत्या. इथे सावध व्हा. असा दस्त रद्द करून मागायची मुदत तीन वर्षांची आहे, आणि ती साधारणपणे आपल्याला फसवणूक कळल्यापासून मोजली जाते. दाव्याची नक्कल हातात आली त्या दिवशी कळलं म्हणालात, तर तिथून घड्याळ सुरू. आणि मुदतीच्या कायद्यात प्रतिदाव्याची तारीख धरतात ती आपण तो कोर्टात दिला त्या दिवसाची. वजावटीला मूळ दाव्याचीच तारीख लागू होते, ती सवलत प्रतिदाव्याला नाही. म्हणजे भावाने दावा आज लावला म्हणून आपली मुदत आज थांबत नाही. ‘आधी त्याच्या दाव्याचं काय होतंय ते बघू’ म्हणत चार वर्षं गेली, तर तो दस्त डोक्यावर बसलाच म्हणून समजा. ‘मला फसवलं’ एवढंच बचावात लिहून ठेवण्यापेक्षा दस्त रद्द करण्याची स्पष्ट मागणी प्रतिदाव्यात असलेली कधीही बरी.

आता वेळेचं. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत आपलं लेखी उत्तर द्यायचं असतं. आपल्याकडे त्याला कैफियत म्हणतात. कारण दिलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं. त्याच्याही पुढे साध्या दिवाणी दाव्यांत कोर्ट क्वचित दया दाखवतं, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. मनाईचा दावा असेल तर ‘निशाणी ५’ चा तात्पुरत्या मनाईचा अर्ज सोबत असतो आणि त्यावर ‘से’ द्यायला तर काही दिवसच मिळतात. बायकांची सगळी धावपळ त्या ‘से’साठी होते. तो दिला की वाटतं झालं उत्तर. कैफियत वेगळी, तिची आठवण वकिलांना करून द्यायची.

प्रतिदावा खरं तर कैफियतीतच यायला हवा, तशी वेगळी नोंदही तिच्यात हवी. पण कैफियत देऊन झाली आणि प्रतिदावा राहिला, तर? या प्रश्नावर वेगवेगळे निकाल होते. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की कैफियतीनंतरही प्रतिदावा देता येईल, पण कोर्टाने दाव्यातले मुद्दे काढेपर्यंतच. तेही हक्क म्हणून नव्हे. उशीर का झाला, समोरच्याचं त्यात काय नुकसान होतं, हे सगळं पाहून कोर्ट ठरवणार. ‘मुद्दे काढणे’ म्हणजे दोघांचे कागद वाचून कोर्ट कोणत्या प्रश्नांवर पुरावा घ्यायचा ते लिहून ठेवतं, ती पायरी. तुमचा दावा चालू असेल तर आज वकिलांना हा एकच प्रश्न विचारा, ‘मुद्दे निघालेत का?’

आणखी एक अट आहे. ज्या गोष्टीसाठी आपण मागतोय ती आपण कैफियत देण्यापूर्वी, किंवा कैफियतीची मुदत संपण्यापूर्वी घडलेली असली पाहिजे. कैफियत देऊन वर्ष झालं आणि मग भावाने बांधावरची आंब्याची झाडं तोडली, तर त्याची भरपाई या प्रतिदाव्यात येणार नाही. त्याला वेगळा अर्ज, वेगळी वाट.

वकिलांनी लिहिलेले कागद आपल्याला समजत नाहीत म्हणून आपण वाचत नाही. निदान हे तरी पाहा. कैफियतीच्या नकलेत ‘प्रतिदावा’ हा शब्द स्वतंत्र मथळा म्हणून आहे का? त्याखाली वादास कारण कधी घडलं ते तारखेसह लिहिलंय का? जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आल्यात का? मागणीची किंमत आणि त्यावरची कोर्ट फी लिहिलीय का? आणि शेवटी ‘विनंती’च्या परिच्छेदात नुसतं ‘वादीचा दावा खर्चासह रद्द व्हावा’ एवढंच आहे, की खाली तुमचीही मागणी आहे? एवढं पाचवी शिकलेल्या बाईलाही बघता येतं. वकील रागावतील अशी भीती वाटते हे मला माहीत आहे. रागावू देत. आपण त्यांना फी देतो.

प्रतिदावा दिला की वादीला त्याचं उत्तर द्यावं लागतं. त्याने उत्तरच दिलं नाही तर कोर्ट आपल्या बाजूने निकालही देऊ शकतं. पण मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो नियम ६-ड. वादीने आपला दावा मागे घेतला, किंवा तो फेटाळला गेला, तरी आपला प्रतिदावा मरत नाही, पुढे चालतो. याचं महत्त्व कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या बायकांना लगेच कळेल. पुष्कळ दावे लावले जातात तेच मुळी बाईला दमवायला. तिने हिस्सा मागितला की आधी तिच्यावर मनाईचा दावा टाकायचा, दोन-तीन वर्षं फिरवायचं, आणि तिला पुरतं थकवलं की दावा काढून घ्यायचा. प्रतिदावा असेल तर ही खेळी चालत नाही. त्याने दार उघडलं, पण बंद करणं त्याच्या एकट्याच्या हातात राहत नाही.

लोकअदालतीतही हा फरक दिसतो. नुसता बचाव असला की तडजोडीत भाऊ म्हणतो, ‘मी दावा काढून घेतो, तूही विसर.’ प्रतिदावा असला की बोलणं हिश्श्यावरून सुरू होतं.

हे झालं माहेरचं. सासरच्या घरावरूनही असाच प्रसंग येतो. नवऱ्याशी पटत नाही, तो दुसरीकडे राहायला जातो, आणि सासरे कोर्टात जातात, की घर माझ्या नावावर आहे, सुनेला बाहेर काढा. नेमका असा खटला पुण्याच्या लघुवाद न्यायालयात झाला होता. सुनेने कैफियतीसोबत प्रतिदावा केला, की कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम १९ प्रमाणे मला या घरात राहण्याचा हक्क द्या. लघुवाद न्यायालयाचे अधिकार मर्यादित असतात, तिथे ही मागणी चालणार नाही, असं हायकोर्टापर्यंत तिला ऐकावं लागलं. मे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिचं म्हणणं मान्य केलं. त्या कायद्याच्या कलम २६ मध्ये स्पष्ट आहे, की संरक्षण, निवास, पैसे, मुलांचा ताबा, भरपाई या मागण्या बाईला दिवाणी, कौटुंबिक वा फौजदारी, ज्या कोर्टात तिचं प्रकरण चालू असेल तिथेही करता येतात. म्हणजे तिला घराबाहेर काढण्यासाठी जो दावा लावला, त्यातच तिने राहण्याचा हक्क मागितला आणि तिथेच तो ऐकला जाईल असं ठरलं.

त्यानंतर १५ ऑक्टोबर २०२० चा निकाल आला. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर म्हणजे सुनेचं ‘सामायिक घर’ नव्हेच, असं २००६ च्या एका निकालामुळे मानलं जात होतं. ते सुप्रीम कोर्टाने बदललं. सून त्या घरात संसार म्हणून स्थिरपणे राहिली असेल तर मालकी सासऱ्यांची असली तरी ते तिचं सामायिक घर ठरू शकतं. मात्र हा हक्क अमर्याद नाही, वयस्कर सासू-सासऱ्यांच्या शांतपणे जगण्याचाही विचार कोर्ट करणार, हेही त्यात आहे. आणि ते बरोबरच आहे. आमच्या केंद्रात रडत येणाऱ्या सगळ्याच काही सुना नसतात, सासवाही असतात. एक लक्षात ठेवा, याच मागण्या तुम्ही मॅजिस्ट्रेटकडेही केल्या असतील, तर एका ठिकाणी काय मिळालं ते दुसरीकडे सांगावं लागतं. लपवलं तर आपलंच वजन कमी होतं.

तिसरा प्रसंग नांदायला येण्याच्या अर्जाचा. बाईने पोटगी मागितली की नवऱ्याचा अर्ज येतो, ‘मी तिला न्यायला तयार आहे, तीच येत नाही.’ हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्याच दुरुस्तीने कलम २३-अ आलं. घटस्फोट, न्यायिक विभक्तता किंवा नांदायला येणं, यांपैकी कशासाठीही नवऱ्याने अर्ज केला असेल तर बायकोला त्याच प्रकरणात त्याचा क्रूरपणा, व्यभिचार किंवा त्याने टाकून दिलं, या कारणावर स्वतःची मागणी करता येते. ती मान्य झाली तर मुळात तिनेच अर्ज केला असता तर जे मिळालं असतं, ते मिळतं. अर्थात तिला खरोखर वेगळं व्हायचं असेल तरच. नवऱ्याने डिवचलं म्हणून रागाच्या भरात घटस्फोट मागून बसू नये. पोटगीसाठी घटस्फोट मागावाच लागतो असंही नाही.

इतकं वाचून कुणाला वाटेल की प्रत्येक दाव्याला प्रतिदावा ठोकून द्यावा. तसं नाही. प्रतिदावा करायचा तो वादीविरुद्ध. दुसऱ्या प्रतिवादीशी आपलं भांडण असेल तर फक्त त्याच्याविरुद्ध प्रतिदावा चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सांगितलंय. वाटप मागायचं तर आई, दुसरे भाऊ, बहिणी, सगळे हिस्सेदार समोर लागतात. दावा एकाच भावाने लावला असेल आणि बाकीचे त्यात नसतील, तर त्यांना सामील करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. भावाने मधल्या काळात जमीन विकली असेल तर घेणाऱ्यालाही. गुंता फार झाला तर ‘हा प्रतिदावा इथे नको, वेगळा दावा करायला सांगा’ असा अर्ज वादी करू शकतो, आणि कोर्टाला पटलं तर ते तसं सांगतंही. मागणीची रक्कम त्या कोर्टाच्या अधिकाराबाहेर जात असेल तरी तिथे चालत नाही. अशा वेळी सरळ वेगळा वाटपाचा दावा लावून दोन्ही एकत्र चालवण्याची विनंती करणं सोयीचं पडतं. प्रतिदावा केला नाही म्हणून हक्क संपला असं नाही, वेगळा दावा मुदतीत असला तर करता येतोच. फक्त पहिल्या दाव्यात कोर्टाने एखादी गोष्ट आपल्याविरुद्ध ठरवली असेल, तर तीच पुन्हा काढता येत नाही.

बायका विचारतात, ‘प्रतिदावा केला तर माहेर तुटेल ना हो?’ या प्रश्नाला मी सल्ला देत नाही. एवढंच विचारते, की समन्स आधी कुणी पाठवलं?

आता पैशाचं. प्रतिदाव्याला दाव्यासारखीच कोर्ट फी लागते. महाराष्ट्रात १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने पोटगी, हिंसा, घटस्फोट अशा प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ झाली आहे. मालमत्तेच्या वादांचाही त्यात उल्लेख होता, पण पुढे तो लग्नसंबंधातून निघालेल्या वादांपुरता आवळला गेला. त्यामुळे भावाविरुद्धच्या हिश्श्याला माफी आहेच असं धरून चालू नका, आधी चौकशी करा.

वकिलासाठी पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथे बाईला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिच्या उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याचं रेशनकार्ड कोणत्या रंगाचं आहे हे कुणी विचारलं तरी गडबडू नका. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, नाही जमला तर तिथली माणसं लिहून देतात. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. जाताना समन्स आणि दाव्याची पूर्ण नक्कल, ते कोणत्या तारखेला हातात पडलं त्याची टिपण, जमिनीचा ताजा सातबारा, जुने फेरफार, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि असला तर आपला शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव त्यावर दिसतं, एवढं पिशवीत घालून न्या. मूळ कागद कुणाकडे सोडायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. आणि मिळालेला वकील कैफियत लिहायला बसला की सुरुवातीलाच सांगायचं, की मला उत्तर तर द्यायचंच आहे, शिवाय माझीही एक मागणी आहे.